उजवा रकाना

७ सप्टेंबर

पप्पांना दरवर्षी एक डायरी मिळते आणि दरवर्षी ती कपाटात कोरीच राहते. यंदाची मी मागून घेतली, कारण आता आमच्या घरात नोंद ठेवण्यासारखं काहीतरी घडणार आहे. पप्पा म्हणाले, "घे की. पण रोजची तारीख टाक, न्हायतर नोंदीला अर्थ न्हाय." मोहोळच्या एसटी स्टँडावर पंचवीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून बसलेला माणूस दुसरं काय सांगणार?

तर नोंद अशी. परीक्षेची तारीख पक्की झाली, १६ नोव्हेंबर, पुणे. मला सार्वजनिक आरोग्य शिकायला अमेरिकेत जायचंय. साथ कुठून उठली, कुठल्या गल्लीतून कुठल्या गल्लीत गेली, हे आकड्यांवरून शोधायचं शास्त्र. तीन वर्षं लॅबमध्ये डेंग्यूचे रिपोर्ट छापून झाले. आता तो डेंग्यू आमच्याच पेठेत दरवर्षी का येतो, हे मला शोधायचंय. परीक्षेत गणित, भाषा आणि एक निबंध. विद्यापीठाची अट आहे की निबंधाला सहापैकी निदान चार हवेत. अर्ज १ डिसेंबरला बंद होतो, त्यामुळे परीक्षा एकदाच. चाराला अर्धा जरी कमी पडला तरी हे वर्ष गेलं.

निबंधाची मला अजिबात काळजी नाही. पडद्यावर एक विधान येतं आणि ते कितपत पटतं ते तीस मिनिटांत कारणं देऊन टाइप करायचं. आमच्या शोकेसमध्ये वक्तृत्वाच्या सतरा ट्रॉफ्या आहेत. आई दर रविवारी त्या पुसते आणि म्हणते, "आनखी एक आणलीस तर टीव्ही भाईर ठिवावा लागंल."

१२ सप्टेंबर

भुवनेश्वरी मॅडमना पहिला निबंध दाखवला. मॅडम आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात खाली माग आणि वर घर, त्यामुळे त्यांच्याकडे बोलायचं तर आवाज मागाच्या वर काढावा लागतो. तो मला सहज जमतो.

विषय होता, शहरांनी जुन्या वास्तूंपेक्षा नव्या गरजांवर खर्च करावा. मी सुरुवातीला एक सुविचार टाकला, मध्ये आपला भुईकोट किल्ला उभा केला आणि शेवटी अशी ललकारी दिली की टाइप करताना माझ्याच अंगावर काटा आला. मॅडमनी हिरव्या पेनाने खाली लिहिलं, "हे भाषण आहे. टाळ्या पडतील, मार्क पडणार नाहीत." आणि अडीच.

काय चुकलं म्हणून विचारलं. मॅडम चहा गाळत म्हणाल्या, "चुकलं काहीच नाही गं अम्मा. फक्त जगात तुझ्याहून वेगळं मत असलेलंही कोणी आहे, याचा तुला पत्ता नाही." मी म्हटलं, वेगळं मत असलेल्यांना मी सतरा वेळा हरवलंय. यावर त्या इतक्या हसल्या की गाळणं कपात पडलं.

१३ सप्टेंबर

अडीच.

१५ सप्टेंबर

मॅडमची पद्धत लिहून ठेवते. पहिली पाच मिनिटं टाइप करायचंच नाही. कोऱ्या कागदाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे आपली बाजू, उजवीकडे समोरच्याची. उजवा रकाना असा भरायचा की तो वाचून समोरचा म्हणाला पाहिजे, हो, मला हेच म्हणायचं होतं. तोपर्यंत कीबोर्डला हात लावायचा नाही.

लगेच करून बघितलं. दोन मिनिटांत डावीकडे सात मुद्दे झाले. उजवीकडे लिहिलं, "काही लोकांना असे वाटत नाही." मग तीन मिनिटं पंख्याकडे बघत बसले.

"घरात उलटं बोलणारं कोणी नाही का?" मॅडमनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, आमच्या घरात उलटं बोलणारी मीच.

संध्याकाळी जेवताना हे पप्पांच्या कानावर घातलं. पप्पा दिवसभर माइकवरून गाड्या पुकारतात आणि घरी आले की चार वाक्यांत दिवस उरकतात. ताटातली शेंगाचटणी संपवून ते म्हणाले, "मी बसतो की उजवीकडं."

१८ सप्टेंबर

पप्पांनी हे काम फारच मनावर घेतलंय. आज ड्यूटीवरून येताना पट्टीने रेघा मारलेला कागद घेऊन आले. वर लिहिलेलं, "निबंध". खाली रकाने, सुटण्याची वेळ, थांबे, पोच वेळ, परतीची वेळ. निबंधाला परतीची वेळ कशाला म्हणून मी हसले, तर म्हणाले, "कागद तसाच असतो गं. ते मोकळं सोड."

मग समजावलं. पाच मिनिटं फलाटावर, वीस मिनिटं रस्त्यावर, पाच मिनिटं राखीव.

"राखीव कशाला?"

"पुण्याच्या वाटंला टेंभुर्णीत गर्दी असतीच की. जो डायवर स्टँडातनंच पळवत निघतो, त्यो तितं अडकतो अन् मग रस्त्याला शिव्या देतो."

झोंबलं, कारण माझा पहिला परिच्छेदच अकरा मिनिटं खातो. वक्तृत्वात चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा होते, मग आवाज चढवायचा आणि टाळी घेऊन खाली उतरायचं. कीबोर्डचा आवाज चढवता येत नाही. आता पाच मिनिटं झाली की पप्पा ताटावर चमचा वाजवतात. शेजारच्या मावशींना वाटलं, आमच्याकडे रोज आरती सुरू झाली. त्या दारात येऊन बघून गेल्या, बौद्धांच्या घरात आरती कुठली ते.

२६ सप्टेंबर

आजचा विषय, यंत्रांमुळे माणूस विचार करणं विसरेल. मी म्हटलं, विसरेलच. पप्पा उजवीकडून म्हणाले, "पयले दीडशे गाड्यांच्या वेळा तोंडपाट लागायच्या. आता कॉम्प्युटर सांगतो. त्या वेळेत मी म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून गाडीत बसवतो. वेळा इसरलो ते बरंच झालं."

निबंधात त्यांना दोन ओळी दिल्या आणि "तथापि" म्हणून पुढे गेले. मॅडमनी तीन दिले. म्हणाल्या, तुझ्या निबंधात पहिल्यांदाच दुसरा माणूस आला.

१४ ऑक्टोबर

विहारात धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम, खुल्या गटाची वक्तृत्व स्पर्धा. विषय, मोबाइल शाप की वरदान. अठरावी ट्रॉफी घरी नेऊन टीव्ही कुठे ठेवायचा, हे मी आधीच ठरवलं होतं.

जोरात सुरुवात केली. तिसऱ्या मिनिटाला तोंडातून आपोआप निघालं, "परंतु याला दुसरीही बाजू आहे." समोरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी ती दुसरी बाजू इतकी नीट मांडली की पहिल्या बाजूवर परत यायच्या आत घंटा झाली. परीक्षकांनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाले, "ताई, तब्येत बरी न्हाय का?"

पहिला नंबर आमच्या गल्लीतल्या सयाजीचा. तो पाचही मिनिटं मोबाइलला शाप म्हणत होता आणि हे त्याने मोबाइलमध्ये बघून म्हटलं.

मॅडमना फोन केला. त्यांनी माझं अभिनंदन केलं.

२० ऑक्टोबर

आजचा दिवस माझा. मॅडमच्या यादीतला विषय असा, आपलं गाव सोडून दूर गेल्याशिवाय माणसाचं शिक्षण पूर्ण होत नाही. हा तर माझ्यासाठीच काढलेला. डावीकडे नऊ मुद्दे झाले.

पप्पा मात्र अडकले. पाचातली तीन मिनिटं मधली रेघच पुन्हा पुन्हा गिरवत बसले. मी म्हटलं, पप्पा, गाडी सुटेल. तेव्हा हळूहळू बोलले. "जाणारा शिकतो, हे खरं हाय. पण मागं ऱ्हाणाऱ्यालाबी शिकावं लागतं, ते कुणी धरत न्हाय. सकाळी च्या दोनच कप टाकायला शिकावं लागतं. गाडी गेली की तिची नोंद होती. फलाट मोकळा झाला, ह्याची नोंद कुटल्याच कागदावर नसती."

पप्पांचा आजवरचा सर्वांत जोरदार मुद्दा. आवाज असा लावला होता की मला क्षणभर वाटलं, हे त्यांना खरंच वाटतंय. पप्पा वक्तृत्वात उतरले असते तर शोकेस अपुरं पडलं असतं.

अर्थात मी तो मुद्दा खोडला. मागे राहणाऱ्यांच्या सोयीसाठी पुढे जाणाऱ्याने थांबावं, हे तर्काला धरून नाही, असं म्हणून तीन उदाहरणं दिली आणि निबंध दोघांना मोठ्याने वाचून दाखवला. आई मध्येच दूध बघायला म्हणून उठली. दूध सकाळीच तापवलेलं असतं, पण तिचं लक्ष नसेल. पप्पा म्हणाले, "बरोबर हाय," आणि स्कूटर पुसायला बाहेर गेले.

हरल्यामुळे नाराज असावेत. स्पर्धेत थोडा खिलाडूपणा हवा.

२२ ऑक्टोबर

मॅडमनी साडेतीन दिले. माझ्या तीन उदाहरणांशेजारी हिरव्या पेनाने लिहिलंय, "उत्तर दिलंस. ऐकलंस का?" मला याचा अर्थ लागला नाही.

"उजवा रकाना कोणी भरला?" त्यांनी विचारलं. पप्पांनी, असं सांगितलं. त्यांनी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. खालचे माग चालूच होते. मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना सांग, त्यांना मी पाच दिले."

घरी येऊन निरोप सांगितला. पप्पांनी तो दोनदा वदवून घेतला आणि रात्री जेवताना आईला म्हणाले, "पाच म्हंजे सहापैकी, बरं का." मला साडेतीन आणि त्यांना पाच. परीक्षा कोण देतंय तेच कळेना.

५ नोव्हेंबर

दिवाळीच्या जादा गाड्यांमुळे पप्पा आठवडाभर मोहोळलाच अडकले होते. आज लवकर आले. हातपाय धुऊन बसले आणि म्हणाले, "काय लिवूलालीस? ते ठेव. त्या दिवशीचा कागद काढ, गाव सोडायचा. डावीकडं एक ऱ्हायलंय."

मी म्हटलं, पप्पा, तुम्ही उजवीकडचे, नियम मोडता येणार नाही.

"आज जादा गाडी सोडली समज."

मग जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी त्यांना नागपूरला नकाशे काढायच्या दोन वर्षांच्या कोर्सला जागा मिळाली होती. त्यांची आई, मनकर्णा आजी, नको म्हणाली नाही. तिने डबा भरला आणि तो मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसून राहिली. पप्पांनी बॅग सोडली.

"वाईट झालं असं न्हाय. नोकरी लागली, तुजी आई आली, तू झालीस. पण कुटं नकाशा दिसला की अजून मी बोट फिरवून बघतो. ही वळणं मी काडली असती तर कशी काडली असती. हे डावीकडं लिव."

लिहिलं. त्यांनी माझी बाजू का घेतली, कोण जाणे. मला चार मिळावेत म्हणून असेल. पण गंमत अशी की चहाचे दोन कप उजवीकडे आणि नकाशावरचं बोट डावीकडे, असे दोन्ही मुद्दे समोरासमोर ठेवले आणि एकही दुसऱ्याला खोडेना. मी दहा मिनिटं प्रयत्न केला. शेवटी दोन्ही तसेच ठेवले आणि समारोप "जर" या शब्दाने सुरू केला, आयुष्यात पहिल्यांदा. मॅडमनी चार दिले आणि कागद परत दिला नाही. म्हणाल्या, हा माझ्याकडे राहू दे.

१५ नोव्हेंबर

पुण्याच्या वाटेवर, गाडीतच लिहितेय, अक्षर माफ.

गाडी मोहोळला थांबली. पप्पा ड्यूटीवर होते. मला वाटलं खिडकीशी येतील, पण केबिनमधून उठलेच नाहीत. माइक मात्र खरखरला. "सोलापूरहून आलेली पुण्याकडं जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी हाय. गाडीतल्या प्रवाशांनी पयली पाच मिन्टं निस्ता इचार करावा. पळवत निघू नये."

शेजारच्या काकांनी विचारलं, "असं का म्हनं?" मी म्हटलं, नवीन नियम असेल. काका पिशवी मांडीवर घेऊन अगदी टेंभुर्णीपर्यंत विचार करत बसले.

१६ नोव्हेंबर

विषय बाहेर सांगायचा नाही, असं आमच्याकडून कबूल करून घेतलंय, म्हणून इथेही लिहीत नाही. कोरा कागद मिळाला. मधोमध रेघ मारली. आजूबाजूला पहिल्या सेकंदापासून पाऊस पडल्यासारखे कीबोर्ड वाजायला लागले. माझे हात शिवशिवत होते. मी ते मांडीखाली घातले.

डावीकडचं सगळं येत होतं. उजवीकडे काही सुचेना, तेव्हा मनातल्या मनात पप्पांना समोर बसवलं. ते नेहमीसारखे हळूहळू बोलायला लागले, आणि मी लिहून घेतलं. शेवटचं वाक्य टाइप झालं तेव्हा चार मिनिटं उरली होती. त्यात सात चुका सापडल्या. राखीव कशाला म्हणून विचारणारी मीच.

२७ नोव्हेंबर

साडेचार.

पप्पांना फोन लावला. मागे कुठलीतरी वैरागची गाडी पुकारत होते. "किती?" "साडेचार." मग म्हणाले, "बरं. नोंद केली," आणि ठेवला. आईने बुधवार असून ट्रॉफ्या पुसल्या. अर्ज संध्याकाळीच पाठवला.

१२ मार्च

आज पत्र आलं. जागा मिळाली, शिष्यवृत्तीसुद्धा. मी घरभर नाचले, मावशींना पेढा दिला, मॅडमच्या फोनवर मागांच्या आवाजात ओरडले.

पप्पा सातला आले. पत्र स्वतः वाचलं, घडी घालून मला परत दिलं. मग ताट आणि चमचा घेऊन बसले.

"आता कसला निबंध?" मी विचारलं.

"शेवटचा विषय. संघप्रियानं जावं का? पण आज बाजू बदलायच्या. मी डावीकडं, तू उजवीकडं. पाच मिन्टं."

मी हसतच रेघ मारली. स्वतःविरुद्ध बोलायचं, त्यात काय. पहिलं लिहिलं, घरात तीन माणसं आहेत, दोन उरतील. दुसरं लिहिलं, सकाळी चहा दोनच कप. लिहिलं आणि पेन थांबलं. हे माझं वाक्य नव्हतं.

मी उठून ही डायरी आणली आणि ऑक्टोबरचं पान काढलं. हरल्यामुळे नाराज असावेत. खिलाडूपणा हवा. ते मी माझ्याच अक्षरात वाचलं आणि मला फार लाज वाटली. पंचवीस वर्षं लोकांच्या गाड्या पुकारणारा माणूस एका संध्याकाळी स्वतःबद्दल बोलला होता. आणि मी त्यांना तीन उदाहरणं दिली. मग रडू आलं, चांगलं हमसून आलं. आई पटकन उठली, "दूध बगून येते," म्हणाली. मी तिचा पदर धरला. म्हटलं, "दूध सकाळीच तापवलंय आई, बस इथे." ती बसली आणि तीही रडली.

चमचा वाजला. माझ्या रकान्यात दीड मुद्दा झाला होता. पप्पांनी आपला दाखवला. त्यात एकच ओळ होती, "गाडी तयार आहे."

"ह्यो मुद्दा खोड," ते म्हणाले. मला खोडता आला नाही.

मग त्यांनी खिशातून तसाच पट्टीने रेघा मारलेला कागद काढला. आज वर "निबंध" नव्हतं, "संघप्रिया" होतं. सुटण्याची वेळ, ऑगस्ट. थांबे, मुंबई आणि दोन विमानतळांची नावं, कुणाला तरी विचारून नीट लिहिलेली. पोच वेळही होती. शेवटचा रकाना मोकळा होता.

"परतीची वेळ लिवल्याबिगर मी आजवर एकबी गाडी सोडली न्हाय," पप्पा म्हणाले. "ती तू भर. मी सांगणार न्हाय."

मी पेन घेतलं आणि पाच मिनिटं काहीच लिहिलं नाही. कोणी घाई केली नाही. मग लिहिलं, "कोर्स संपला की पहिला मे महिना, आंबे असताना. दरम्यान रोज सकाळी चहाच्या वेळेला फोन. उशीर झाल्यास मोहोळ कंट्रोलला आधी कळवण्यात येईल."

पप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग खाली सही केली आणि नेहमीच्या सवयीने सहीशेजारी वेळ टाकली, सात वाजून अठ्ठेचाळीस.